दोन थेंब तेल

आपल्याकडे यंत्र बिघडलं की पहिला उपाय तेल, दुसरा चापट, आणि तिसरा म्हणजे ते माळ्यावर टाकून नवीन आणणं. यातल्या पहिल्यावरची आपली श्रद्धा तांत्रिक आहे की धार्मिक, हे ठरवणं अवघड. शनिवारी मारुतीला तेल, दिवाळीत अंगाला तेल, रोज डोक्याला तेल, कुरकुरणाऱ्या दाराला तेल. कुरकुरणारा साहेब असेल तर लोणी, म्हणजे पुन्हा स्निग्ध पदार्थच. जयपूरला तर शनिवारी सिग्नलला गाडी थांबली की तेलाच्या भांड्यात बसून शनिदेव स्वतः काचेपाशी येतात. अशा देशात ब्रेकची दुरुस्ती काढणं हे धाडस आहे. बाकी जगाला जे औषध, ते ब्रेकला विष, आणि हे ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं.

मी गाडीच्या ब्रेकबद्दल बोलत नाही. स्पूलच्या टेपरेकॉर्डरलाही ब्रेक असतात. हे वाक्य मी आमच्या गल्लीत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने माझ्या बायकोकडे बघितलं. गल्ली म्हणजे जयपूरच्या तिलक नगरातली. महाराष्ट्राबाहेर कुठेही बदली होवो, टिळक आपल्या आधी पोचलेले असतात. इथे ते राजापार्कच्या शेजारी राहतात, विद्यापीठही फार लांब नाही, त्यामुळे वस्तीत निवृत्त प्राध्यापकांचं पीक चांगलं आहे. त्याचा उपयोग आणि उपद्रव दोन्ही पुढे येईल.

यंत्र आमच्या काकांचं. दादरची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा चुलतभावाचा फोन आला, "तुझ्याकडे जागा आहे ना?" मुंबईचा माणूस हा प्रश्न विचारत नाही, आरोप करतो. आठवड्याभरात सोळा किलोची एक पेटी आणि रिळांचं एक खोकं ट्रान्सपोर्टने दारात हजर. दुसरं महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन सैनिकाने जर्मनीत सापडलेली दोन मॅग्नेटोफोन यंत्रं सुटी करून टपालाने तुकड्या-तुकड्यांनी घरी पाठवली होती. त्यातून पुढे बिंग क्रॉस्बीचे रेडिओ-कार्यक्रम टेपवर आले आणि १९४८ मध्ये अँपेक्सचं पहिलं यंत्र निघालं. म्हणजे हा व्यवसाय पार्सलवरच उभा आहे. मलिनला मात्र पत्ता स्वतःचा घालायचा होता, माझ्या भावाने माझा घातला. यंत्राच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पन्नास वर्षांनी ब्रेक सैल पडले म्हणून कुणाची बदनामी करू नये, माणसाचेही पडतात.

काका हे मुंबईत साठ-सत्तरच्या दशकात आढळणाऱ्या एका खास जमातीचे. या जमातीकडे फॉरेनहून आलेला टेपरेकॉर्डर असायचा, आणि त्या जोरावर शहरातल्या कोणत्याही खासगी बैठकीला त्यांना पहिल्या रांगेत जागा असायची. गाणं कळलंच पाहिजे अशी अट नव्हती. गवई 'आ' करायच्या आधी हे हात वर करून "एक मिनिट" म्हणत आणि अख्खी बैठक एक मिनिट थांबे. गवयाच्या आणि यांच्या संबंधात कायम एक संशय असे, कारण जुन्या कलावंतांना आपला गळा दुसऱ्याच्या पेटीत जाणं मान्य नव्हतं. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तर कोणत्याच पेटीत सापडत नाही. केसरबाईंनाही ध्वनिमुद्रणाचं वावडंच होतं. पण नशीब बघा, त्यांचीच भैरवी १९७७ साली सोनेरी तबकडीवर बसून व्हॉयेजर यानातून निघाली आणि आज सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर चालली आहे. त्या यानात टेपरेकॉर्डरही आहे. याला म्हणतात बिनब्रेकचं वाहन.

आमच्याकडच्या यंत्राची अवस्था जवळपास तीच होती. वाजायचं उत्तम. थांबायचं नाही. म्हणजे बटण दाबलं की उजवं रीळ आज्ञाधारकपणे थांबे आणि डावं आपल्याच नादात फिरत राही, आणि तपकिरी टेप भसाभस जमिनीवर सांडे. सात इंची रिळावर बाराशे फूट टेप बसते, म्हणजे ३६६ मीटर. ती उलटी गुंडाळायला दीड मिनिट धरलं तर टेपचा सरासरी वेग ताशी चौदा-पंधरा किलोमीटर पडतो. संध्याकाळी राजापार्कात मी स्कूटरवरून याहून वेगाने गेल्याचं आठवत नाही. अशा वेगातली टेप सांडली तर गुंता, आणि उलट बाजूचा ब्रेक आधी लागला तर टेपला हिसका. जुनी अ‍ॅसिटेटची टेप असेल तर ती सरळ तुटते. ते बरं, चिकटपट्टीने जोडता येते. नंतरची पॉलिएस्टरची तुटत नाही, ताणली जाते, आणि ताणलेला षड्ज पुन्हा कुणालाही सरळ करता येत नाही.

हे टाळण्याची युक्ती ज्याने काढली त्याला माणसांची चांगली पारख असणार. दोन रिळांपैकी एक देणारं असतं, एक घेणारं. थांबताना देणाऱ्याला जास्त आवळायचं, घेणाऱ्याला कमी, की टेप दोघांमध्ये हलकीशी ताणलेली राहते. हे उलट झालं की काय होतं ते बघायला टेपरेकॉर्डर लागत नाही, राजस्थानातल्या कुठल्याही लग्नात जेवायला बसावं. इथल्या मनुहारीपुढे आपला पंगतीतला आग्रह म्हणजे नुसती चौकशी. घेणाऱ्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरलेले असतात आणि देणारा त्या हातांवर घेवर ठेवून पुढे गेलेला असतो. देणारा फिरतोय, घेणारा थांबलाय, मधला सगळा माल जमिनीवर. आमच्या डाव्या रिळाचं नेमकं हेच झालं होतं.

पण टेप दोन्ही दिशांना धावते. पुढे जाताना डावं रीळ देणारं, मागे येताना उजवं. मग यंत्राला कसं कळावं की आत्ता दाता कोण आणि याचक कोण? आजचा कारखाना त्यासाठी चिप बसवेल, ॲप काढेल, आणि ॲप तुमचं लोकेशन मागेल. त्या काळच्या माणसाने प्रत्येक रिळाच्या तबकडीखालच्या ड्रमभोवती पोलादाची एक पातळ पट्टी अर्धा वेढा देऊन गुंडाळली, आतून फेल्ट चिकटवलं, पट्टीचं एक टोक पक्कं केलं आणि दुसऱ्याला स्प्रिंग लावली. बस. ड्रम एका दिशेने फिरला की तो पट्टीला ओढून स्वतःच स्वतःभोवती आवळून घेतो. उलट फिरला की पट्टी ढिली पडते. डाव्या ड्रमवरची पट्टी एका हाताची, उजव्यावरची दुसऱ्या हाताची. त्यांची अदलाबदल झाली की सगळा न्याय उलटा.

हे मी समोरच्या प्रोफेसरसाहेबांना सांगितलं. ते भौतिकशास्त्राचे, निवृत्त. "अरे भाईसाब, यह तो ऑयलर है!" म्हणाले आणि चप्पल घालून आमच्या व्हरांड्यात आले. आल्या आल्या त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. कपडे कुठे ठेवायचे याचं उत्तर ऑयलरच्या समीकरणात नव्हतं. दोरी खांबाला अर्धा वेढा देऊन त्यांनी सांगितलं की घर्षणांक ०.३ धरला तर दोन टोकांच्या ताणांत अडीच पटींहून थोडा जास्त फरक पडतो, आणि हाच तुमच्या ब्रेकचा हिशोब. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण त्यांनी पूर्ण वेढा दिला: साडेसहा पट. दोन वेढे: चाळीसच्या वर. तीन वेढे: पावणेतीनशेच्या वर. मग दोरीचं एक टोक बायकोच्या दोन बोटांत दिलं आणि दुसरं मला सर्व ताकदीनिशी ओढायला सांगितलं. मी ओढलं. दोरी तसूभर हलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर यासाठी प्रयोगाची गरज नव्हती, असं बायको म्हणाली.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार आवडली. या यंत्रात वीज ब्रेक लावायला लागत नाही, सोडायला लागते. लावायचं काम स्प्रिंगचं. वीज गेली रे गेली की ब्रेक आपोआप लागतात, म्हणजे अंधारात टेप सांडत नाही. लिफ्टचंही तसंच, म्हणून वीज गेली की लिफ्ट कोसळत नाही, अडकते. आगगाडीत साखळी ओढली की नळीतली हवा निघून जाते आणि हवा गेल्यामुळे ब्रेक लागतो. सगळ्या सभ्य यंत्रांची रीत ही. वक्त्यांना ती लागू नाही. गणेशोत्सवात वीज गेली, माइक बंद पडला, तरी अंधारात भाषण चालू राहिल्याचं मी ऐकलेलं आहे.

आता दुरुस्ती. एम. आय. रोडजवळच्या जयंती मार्केटमध्ये एका मुलाने यंत्राचा फोटो मोठा करून बघितला आणि "अंकल, इसका लैंप बढ़िया बनेगा" असा तज्ज्ञ अभिप्राय दिला. दुसऱ्याने अल्बर्ट हॉलचा पत्ता सांगितला, तिथे इजिप्तची ममी आहे, तिच्या शेजारी जागा होईल म्हणाला. हवेल्यांची हॉटेलं सजवणारा एक व्यापारी मात्र खरोखर विकत घ्यायला निघाला. त्याची तक्रार एवढीच होती की यंत्र पुरेसं जुनं दिसत नाही. "वो हम कर देंगे," म्हणाला. जयपुरात ही सोय आहे. काल केलेलं कपाट इथे उद्या मुघलकालीन होऊ शकतं. आणि या सर्वांनी, लॅम्पवाल्यासकट, जाता जाता एकच सल्ला दिला: "दो बूंद तेल डाल दो, चल पड़ेगा." अहो, चालतंय! चालायचं थांबत नाही हीच तर तक्रार आहे! पण 'चालत नाही' याखेरीज यंत्राला दुसरा रोग असू शकतो, हे आपल्याकडे मान्यच नाही. आमच्या दूधवाल्याने मोहरीचं तेल सुचवलं. कामवाल्या बाईंनी खोबरेल. प्रोफेसरसाहेबांच्या पत्नीने शिवणयंत्राची कुपीच पाठवून दिली, ती मी कुलुपात ठेवली.

यंत्र उघडलं तेव्हा कळलं की हा सल्ला जयपूरचा नाही, अखिल भारतीय आहे. तबकडीचे स्क्रू काढून, पट्ट्या कशा बसल्यात त्याचे फोटो काढून, डावी-उजवीवर खुणा करून पट्ट्या सोडवल्या. डाव्या पट्टीचं फेल्ट काळं, टणक आणि चकचकीत झालेलं. चकचकीत ब्रेक म्हणजे कामचुकार ब्रेक. कधीकाळी कुठल्याशा मिस्त्रीने काकांच्या यंत्रावर दया येऊन दोन थेंब टाकले होते, आणि ते दोन थेंब वर्षानुवर्षं टेपची भुकटी गोळा करत तिथेच बसले होते. ड्रमवरचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतं. पुसल्यावर त्याला बोट लावायचं नाही, कारण बोटालाही तेल असतंच. आपल्या देशात तर असतंच असतं. पण तेल प्यालेलं फेल्ट पुन्हा शुद्धीवर येत नाही. ते बदलावं लागतं.

फेल्ट म्हटल्यावर माझ्या डोक्यात वीज चमकली. जयपूरपासून शंभरेक किलोमीटरवर टोंक, आणि टोंक नमद्यांसाठी प्रसिद्ध. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेलं अस्सल देशी फेल्टच. आणि याच टोंक जिल्ह्यातल्या उणियाऱ्यात १८५५ साली अल्लादिया खाँ जन्मले! खोक्यातल्या एका रिळावर काकांच्या अक्षरात 'जयपूर. बसंती केदार. रीळ १' असं लिहिलेलं होतं. गवयाचं नाव नाही. काकांच्या लेखी बैठक महत्त्वाची, गाणाऱ्याचं काय एवढं. म्हणजे ज्यांनी जयपूर घराणं उभं केलं त्यांच्या जिल्ह्याच्या लोकरीवर त्यांच्या घराण्याचं गाणं थांबणार होतं. हा योग मला इतका आवडला की तो मी दोन शेजाऱ्यांना ऐकवला. एकाला जयपूर घराणं म्हणजे कथ्थक वाटलं, ते इथलं खरंच आहे. दुसऱ्याने विचारलं, "ये घरानेवाले रहते किधर हैं?" मी म्हटलं, कोल्हापूर. खाँसाहेब शाहू महाराजांकडे गेले, पुढे मुंबईला, १९४६ साली तिथेच वारले. त्यानंतर या जयपूर घराण्याचा मोठा बारदाना कोल्हापूर, मुंबई, गोवा आणि धारवाडकडचा. शेजारी बराच वेळ विचार करून म्हणाला, "तो नाम बदल देना चाहिए था."

नमद्याच्या दुकानात माझा योग अर्ध्या मिनिटात संपला. "कितने बाई कितने का?" मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात लांबी दाखवली. दुकानदाराने नजर लांब करून माझ्या मागे आणखी कोणी गिऱ्हाईक आहे का ते पाहिलं. मग सौजन्याने एक नमदा उलगडला, त्यावर सजवलेला हत्ती होता. हत्तीची पाऊण सोंड पुरली असती. पण लोकर मऊ, सैल, तंतू सुटणारी. बसायला गादी म्हणून उत्तम, ब्रेकला नालायक. ब्रेकला घराण्याशी कर्तव्य नसतं, त्याला घट्ट दाबलेलं, एकसारख्या जाडीचं फेल्ट हवं असतं.

ते मिळालं परकोट्यात, पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. पेटीच्या पट्ट्यांखाली, झडपांना असं फेल्ट आणि मऊ चामडं लागतं. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बाहेरचा रस्ता दाखवला, तो थेट १९७१ पर्यंत. त्या तीन दशकांत रेडिओच्या स्टुडिओत स्पूल फिरू लागली आणि पेटी दाराबाहेर उभी. आता स्पूलची ही अवस्था आणि तिला टेकू द्यायला पेटीतला फेल्टचा तुकडा. म्हाताऱ्याला यातला काव्यगत न्याय सांगून उपयोग नव्हता, त्याला गिऱ्हाइकं होती.

"किस बाजे में लगेगा?"

"बाजे में नहीं, ब्रेक में."

"स्कूटर का?"

"टेप का. पुराना, चक्केवाला."

"तो बाजा ही हुआ ना," म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, बजने लगे तो सुनने आऊंगा.

चिकटवण्याचं काम सोपं. जुनं फेल्ट खरवडलं, पट्टी न वाकवता पुसली, नवं पातळ चिकटाने लावलं आणि वाळेपर्यंत घरात कोणालाही त्या खोलीत फिरकू दिलं नाही. खरी गंमत मोजणीची. रिळाच्या गाभ्याला दोरा गुंडाळायचा, दोऱ्याला ताणकाटा अडकवायचा आणि सावकाश ओढत ब्रेक किती ग्रॅमवर सरकतो ते पाहायचं, दोन्ही दिशांना. ताणकाटा आमच्या रद्दीवाल्याकडे होता. त्याने तो उत्साहाने दिला, पण प्रोफेसरसाहेबांनी त्याला अर्धा किलोची साखरेची पुडी लावून बघितली तर काटा साडेतीनशेच्या आसपास रेंगाळला. गेल्या कित्येक वर्षांच्या वर्तमानपत्रांचा हिशोब बायकोच्या चेहऱ्यावर तरळून गेला. रद्दीवाला म्हणाला, हा काटा कागदाचा आहे, साखरेचा नाही. शेवटी चौडा रस्त्यावरून शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा आणला. देणाऱ्या दिशेला दीडशे ग्रॅम, घेणाऱ्या दिशेला साठ. अडीच पट. प्रोफेसरसाहेबांनी "ऑयलर!" अशी आरोळी ठोकली आणि हा निकाल आपण गल्लीत सर्वांना सांगितला पाहिजे असं म्हणाले. सांगितलाही.

पहिली चाचणी कधीही चांगल्या टेपवर करू नये. काकांच्या खोक्यात त्यासाठी योग्य रीळ होतं: दादरच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, पाण्याच्या टाकीचा विषय. ते का मुद्रित केलं असेल, हे काकाच जाणोत. बहुधा पुरावा म्हणून. टेप पूर्ण वेगाने उलटी सोडली, सभासदांची चिमण्यांसारखी चिवचिव सुरू झाली, आणि रिळं ऐन भरात असताना बटण दाबलं. खट्. दोन्ही रिळं जागच्या जागी, मध्ये टेप सरळ. सोसायटीच्या इतिहासात सभा इतक्या चटकन कधी तहकूब झाली नसेल. मग उलट दिशेने. खट्. मग प्रोफेसरसाहेबांनी मेन स्विच पाडून वीज गेल्याचा प्रसंग उभा केला. खट्. त्यांच्या घरची मालिकाही बंद पडली, कारण हल्लीच आमच्या मीटरवरून त्यांनी तात्पुरती लाइन घेतली होती.

तेव्हापासून लोक येतात ते थांबलेलं बघायला. पाहुण्याला चहा देऊन मी गाणं लावतो, तो दोन मिनिटं सभ्यपणे ऐकतो आणि म्हणतो, "अब रोक के दिखाओ." बायकोचं म्हणणं, गाणं ऐकायचं नसेल तर रिकामी रिळं फिरवून थांबवा, कलावंताला कशाला मध्ये घेता.

गाणं ऐकायला आला तो एकटा पेटीवाला म्हातारा. आला, बाजेवर बसला, बूट काढले, डोळे मिटले. 'बसंती केदार, रीळ १' सुरू केलं. बाराशे फूट टेप साडेसात इंच वेगाने धावली तर बत्तीस मिनिटं पुरते, आणि जयपूर घराण्याचा गवई बत्तीस मिनिटांत कुठेही पोचण्याची घाई करत नाही. तानांना नुकता रंग चढायला लागला, बैठकीत कोणीतरी "क्या बात है" म्हणालं, त्यामागोमाग काकांचा "एक मिनिट" असा आवाज आला आणि टेप संपली. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"आगे?"

खोकं उपसलं. रीळ २ नाही. दादरला फोन लावला. चुलतभाऊ हल्ली भाड्याच्या घरात आहे, पण आवाज प्रसन्न होता.

"रीळ दोन? अरे आहे ना! बाल्कनीत कबुतरांचा इतका त्रास होता, म्हणून ती टेप मी उभी-आडवी बांधून टाकलीय. वाऱ्यावर फडफडते. आधी कॅसेटची लावली होती, ती लगेच तुटायची. ही रुंद आहे, चांगली टिकते. एक कबूतर फिरकत नाही बघ."